वर्षभराचा पाव्हणा

“थांबा! तठीच थांबा! उंबऱ्याच्या आत पाय टाकाल त माझ्यासारखी वाईट कोनी नाई!”

आई दारात दोन्ही हात आडवे करून उभी होती आणि बाबा अंगणात. पायांना पोटरीपर्यंत चिखल, खांद्यावर भिजलेला दुपट्टा. त्यांच्या मागे एक कुत्रा उभा होता. रंगाने तांबूस, बरगड्या दिसणारा, एक कान अर्धा फाटलेला. तो आईकडे बघत होता आणि शेपूट हलवत होता. आमच्या आईकडे बघून शेपूट हलवणारा प्राणी मी तोवर पाहिला नव्हता.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या उभ्या करतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते मेढे उपटून गावाच्या शिवेवर नेऊन टाकायचे. वाटेने सगळे ओरडत जातात, ‘खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद! ढेकूण-मच्छर घेऊन जा गे नारबोद!’ गावातली सगळी इडापिडा त्या नारबोदीच्या बाहुलीवर घालायची, तिला शिवेवर जाळायचं आणि हात झटकून घरी यायचं. त्या दिवशी सगळं गाव हात झटकून परत आलं. आमचे बाबा कुत्रा घेऊन आले.

“मी नाई आनलं त्याले,” बाबा म्हणाले. “थो आला.”

“थो आला! अन् तुमी येऊ देलं?”

“रस्ता सरकारचा हाय वो. मी कोन त्याले अडवनारा?”

“शिवेवरून काई घरी आनत असते का? जे टाकाले गेले तेच घेऊन आले! अन् आपलं बी नोय, पल्याडच्या गावचं! त्याईची नारबोद बी त्याच शिवेवर जळते ना? त्याईनं आपली पिडा सोडली अन् तुमी उचलून आनली.”

बाबांनी दुपट्टा पिळला. “मंग आपली पिडा कठी गेली?”

“त्याईच्या घरी!”

“फिटाफीट झाली मंग,” असं म्हणून बाबा ओट्यावर बसले आणि पाय धुऊ लागले. कुत्राही बसला. आईचे हात अजून आडवेच होते, पण आता ते कोणासाठी आडवे आहेत हे तिलाही सांगता आलं नसतं.

मी पोळ्यासाठी माहेरी आले होते म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. मी राखी, गोमाजी आणि शकुनबाईची एकुलती एक मुलगी. साकोलीला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. साकोलीहून सानगडीला आणि तिथून आत आमच्या गावाला यायला काही फार वेळ लागत नाही, पण सणासुदीशिवाय येणं होत नाही. सण आला की गिऱ्हाइकांचे ब्लाऊज येतात, त्यामुळे सणालाही अर्धाच जीव माहेरी असतो.

तेवढ्यात भिंतीपलीकडून श्यामकाकांनी डोकं वर काढलं. बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचं आणि आमचं अंगण एकच होतं, वाटणी झाली तेव्हा मधे कंबरेएवढी भिंत घातली, पण ती भिंत भाजीच्या वाट्या ठेवायलाच जास्त उपयोगी पडायची. काकांच्या तोंडात कडुनिंबाची काडी होती आणि ते हसत होते.

“राहू द्या वैनी! पुढच्या नारबोदीले धाडून देऊ परत. आला तसा जाईन.”

आईला तेवढीच फट पुरली. तिने हात खाली घेतले, पदर खोचला आणि गल्लीकडे तोंड केलं. मेढे टाकून येणारे लोक तमाशा बघायला थांबलेच होते.

“आयका सारे! श्यामराव, तुमी बी आयका. पुढच्या सालची नारबोद आली का हा शिवेवर. एक दिवस जास्त नाई. सांगा, कबूल हाय का नाई?”

हा प्रश्न बाबांना होता. बाबांनी कुत्र्याकडे बघितलं, कुत्र्याने बाबांकडे.

“कबूल,” बाबा म्हणाले. “वर्षभराचा पाव्हना हाय, समज.”

अशा रीतीने पाव्हण्याचं बारसं झालं.

आईने त्याच दिवशी कायदे केले. ओसरीवर चढायचं नाही. घरातल्या भांड्याला तोंड लावायचं नाही. घरच्या भाताचं शीतसुद्धा मिळणार नाही. आता घरचा भात द्यायचा नाही म्हटल्यावर त्याच्यासाठी कनकीचा, म्हणजे तुकडा तांदळाचा, वेगळा भात शिजवणं आलं. तो अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या गंजात, छोट्या पातेल्यात. नुसता भात तो खाईना, म्हणून त्यात वरणाचं पाणी आलं. वरणाच्या पाण्याला तो कंटाळला, म्हणून सुकटीची डोकी आली. कुत्र्याला घरचं अन्न मिळू नये यासाठी माझी आई रोज दोन स्वयंपाक करू लागली.

आणि नाव घ्यायचं नाही हाही एक कायदा होता. सारं गाव त्याला पाव्हणा म्हणायचं, आई ‘थो’ म्हणायची. नवऱ्याचं नाव ती जन्मात घेत नव्हतीच, ते ‘थे’. त्यामुळे फोनवर ओसरीत कोण झोपलंय आणि अंगणात कोण, हे मला जपून ऐकावं लागे.

फोनचं सांगायलाच हवं. दुकान बंद करताना मी रोज घरी फोन लावते. त्याआधी आमचं बोलणं म्हणजे ‘जेवली का?’ ‘हो.’ ‘पानी आलं का नळाले?’ ‘आलं.’ ‘बाबा?’ ‘हायेत.’ ‘ठेवू?’ ‘ठेव.’ एवढंच असायचं. आईबाबांचं आपसातलंही त्याहून फार नसावं. घरात भांडण नव्हतं, दुःख नव्हतं, बोलायला कारणच नव्हतं. बाबा वावरात, आई चुलीपाशी किंवा दुसऱ्या वावरात. संध्याकाळी दोघं ओसरीत बसायची, गल्लीकडे तोंड करून, दोन खांबांसारखी.

पाव्हणा आला आणि फोन लांबायला लागला.

“थो आज धानाच्या बांदीतून लोळून आला अन् साऱ्या अंगनाचा चिखल केला,” आई सांगायची.

मागून बाबा, “अंगन चिखलाचंच हाय.”

“तुमाले कोनी इचारलं? राखी, याईची खासी आयकून राहिली ना? थो आला तवापासून वाढली. मी म्हनलं होतं.”

“खासी माही जुनी हाय. त्याच्याआंधीची.”

“हो, अन् परवा कौल फुटलं ते बी जुनं होतं?”

“त्याच्यावर माकड उडलं. माकडाले बी यानंच सांगतलं असन.”

“आता माकडाची बाजू घेऊन राहिले, पाय राखी! या घरात माही बाजू सोडून सगळ्याईची बाजू घेते मानूस.”

माझा चहा निवून जायचा. आमचे मिस्टर म्हणायचे, “तुझ्या माहेरी कुत्रा आला का आकाशवाणी केंद्र उघडलं?” मी हसायचे आणि फोन कानालाच धरून शटर ओढायचे. दही लागलं नाही तर पाव्हणा, वीज गेली तर पाव्हणा, सानगडीच्या बाजारात वांगी किडकी निघाली तर तीही पाव्हण्याने आधी जाऊन किडवलेली. बाबा सगळ्याला उत्तर द्यायचे. इतकं बोलणारे बाबा मी लहानपणीही पाहिले नव्हते.

कुत्रा म्हणून मात्र तो अगदीच सुमार होता. बाबांनी त्याला धानाच्या राखणीला नेलं, तर तो तणसात, धानाच्या पेंढ्यात, तोंड खुपसून झोपला आणि डुकरांनी धुऱ्याकडचं, बांधालगतचं, धान लोळवलं. बेडकाला तो भ्यायचा. बेडूक टुणकन उडाला की हा मागच्या मागे बसायचा. भुंकायचा तो फक्त श्यामकाकांच्या बैलांवर, तेही बैल गोठ्यात बांधलेले असताना. काका भिंतीवरून म्हणायचे, “वैनी, तुमचा पाव्हना लय शूर हाय हं!” आणि आई तिकडून, “माझा काहून? तुमच्या दादाचा!”

धानकापणीला मी गेले होते. दिवाळी होऊन गेली होती, हवेत कापलेल्या धानाचा गोड वास होता. लहानपणी याच वासात आम्ही पोरी बांधावरून पळायचो आणि बाबा लांबून ओरडायचे, पडशील वो! संध्याकाळी मी आईला बघायला तलावाच्या पारीवर, बांधावर, गेले. ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन वावरातून येत होती. माझ्या बाजूने पाव्हणा सुटला. पारीवरून धावत गेला, तिच्यापाशी पोचला, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मग तिच्यापुढे चालत परत येऊ लागला, जणू वाट त्यालाच ठाऊक. आई त्याला शिव्या देत होती. “सरक ना बापा पायातून! पाडशील! घरी काय काम नाई का तुले?”

मी भारा उतरवायला हात लावला. आईने आधी मागे पाहिलं. बाबा कुठे नाहीत याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

“रोज येते.”

“कोण?”

“थो. रोज सांजच्याले अठीपरेंत येते. तुह्या बाबासोबत नाई जात, मले घ्याले येते.” ती थोडा वेळ पारीवर टेकली. तलावात सूर्य बुडायला आला होता, तिच्या चेहऱ्यावर ते सगळं तांबडं पाणी होतं. “लग्न होऊन या गावात आली तवापासून मीच दारात उभी राहात आली. तुही वाट पायली, तुह्या बाबाची पायली, सासूची पायली. मले घ्याले कोनी आलं नोतं आजपरेंत.”

एवढ्या वर्षांत हे तिच्या मनात असेल असं वाटलंच नव्हतं. ती लगेच उठली, पदर झटकला.

“बाबाले नोको सांगू. नाईतर म्हनतीन, मंग ठेव ना त्याले.”

बाबांना माहीत होतं. बाबांना सगळंच माहीत असायचं, ते फक्त विचारल्याशिवाय सांगत नसत. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, “अजून पोळ्याले लय दिवस हाये.” आई म्हणाली, “दिवस जाते भरभर.” आणि दोघांनी एकदम पाण्याचे पेले उचलले.

बाबा माघात गेले. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली म्हणून खाटेवर आडवे झाले आणि उठलेच नाहीत.

गोष्टींमध्ये कुत्रे अशा वेळी भुंकून गाव गोळा करतात, अन्नपाणी सोडतात, चितेपाशी बसून राहतात. आमच्या पाव्हण्याने काही केलं नाही. तो खाटेखाली झोपला होता. लोक जमले, रडारड सुरू झाली तेव्हा घाबरून तणसाच्या ढिगात जाऊन बसला आणि दुपारी भूक लागली तेव्हा बाहेर आला. मला त्याचा राग आला. मग वाटलं, त्याला तरी काय कळणार. मला तरी कुठे काय कळत होतं? अग्नी श्यामकाकांनी दिला. भावाच्या पायावर डोकं ठेवून ते लहान मुलासारखे रडले, दादा रे, दादा रे म्हणत. ते रडणं मी विसरलेले नाही, पुढे जे झालं त्यानंतरही नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि गल्लीची जीभ सुटली. शिवेवरून आणलेलं कुत्रं. वर्षाच्या आत घरधनी नेला. आणि हे सगळं शकुनबाईच सांगत होती की, आधीपासून! आईचे स्वतःचेच शब्द एकेका घरून परत यायला लागले. गिरजाकाकू, श्यामकाकांची बायको, भिंतीवर भाजीची वाटी ठेवताना म्हणाल्या, “तुमाले समजलं होतं बाई. तुमच्या जिभेवर देव होता.” आईने वाटी उचलली आणि आत गेली.

तिने पाव्हण्याला बोलणं सोडलं. तेच मला सगळ्यात खटकलं. कनकीचा भात शिजत होता, गंज त्याच्यापुढे सरकवला जात होता, पण शिवी नाही, ‘सरक बापा’ नाही, काही नाही. फोन पुन्हा पूर्वीसारखा झाला. ‘जेवली का?’ ‘हो.’ ‘पानी आलं का?’ ‘आलं.’ मी मुद्दाम विचारायचे, “अन् थो?” ती म्हणायची, “हाय.” मागे कोणी खोकत नव्हतं. मी तिला साकोलीला चल म्हटलं, ती म्हणाली, “वावर कोनाच्या भरोशावर सोडू?” वावर श्यामकाका बघत होते. त्यांची बैलजोडी होती, त्यांच्याच जोडीने आमची चिखलणी व्हायची. बाबा असतानाही तसंच होतं, आता तर त्यांच्याशिवाय आधार नव्हता.

आणि नेमका धानाच्या रोवणीच्या वेळी काकांचा एक बैल धुऱ्यावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. जनावरांच्या डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात, पण आमच्या गल्लीत कावळ्याला कोणी सोडत नाही. घरचा बैल जाणं म्हणजे काय हे ज्याच्या घरून गेला त्यालाच कळतं. काकांनी त्या पोळ्याला एकच बैल सजवला. जोडी फुटलेला तो बैल तोरणाखाली एकटाच उभा राहिला. मी आईसाठी आले होते. आमच्याकडे वर्षाच्या आतलं दुःख, म्हणून सण नव्हता. दाराशी मेढा नव्हता.

संध्याकाळी काका अंगणात आले. बसले नाहीत.

“वैनी, उद्या नारबोद हाय.”

“हो,” आई म्हणाली.

“सकाऊन येतो मी. नेतो त्याले.”

काका गेल्यावर मी विचारलं, “काय करायचं आई?” तर म्हणाली, “उद्या पायजो मंग,” आणि दिवा लावायला उठली. मला वाटलं, देणार. माझ्या डोळ्यांपुढे साकोलीचं आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर आलं, घरमालक आला, आणि तरीही मी मनात म्हटलं की तिने दिला तर मी मागच्या वाटेने जाऊन त्याला घेऊन जाईन. पण साकोलीहून तो तिला घ्यायला पारीवर थोडाच जाणार होता?

सकाळी आरोळ्या सुरू झाल्या. ‘खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद!’ दारोदार मेढे उपटले जात होते. काका आले. हातात दोर होता. त्यांच्या मागे गल्लीतली माणसं खांद्यावर फांद्या घेऊन थांबली. भिंतीपलीकडे गिरजाकाकू उभ्या होत्या.

आई उंबऱ्यावर बसलेली. पाव्हणा ओसरीच्या खाली, कायद्याप्रमाणे, तिच्या पायांपाशी.

“सोडा त्याले वैनी.”

“बसा श्यामराव. चहा मांडते.”

“चहाचा टाइम नोय हा. लोकं निघाले.”

“मंग उभ्यानं आयका,” आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. गेले कित्येक महिने तो चढलाच नव्हता.

काकांनी दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “काय आयकू? तुमीच बोलल्या होत्या, याच जागी. साऱ्या मोहल्ल्यासमोर. दादानं कबूल केलं होतं. दादा गेला, आता त्याचा सबद तरी पाळा. शिवेवरून आनलेल्या या कुत्र्यानंच नेलं त्याले. माहा बैल नेला. आता आनखी कोनाची वाट पायता?”

“तुमचे दादा छातीनं गेले. दिवाळीपासून मी मांगं लागली होती, दवाखान्यात चला. थे म्हने धान निघू दे. धान निघालं, त म्हने लाखोरी निघू दे. कुत्र्यानं नाई अडवलं त्याईले.”

“पन अपशकुनी हाय, अपशकुनी हाय, हे कोन म्हनत होतं? मी?”

“मी म्हनत होती. रोज म्हनत होती.” आईने पदर सारखा केला. “तुमाले खरं सांगू? या घरात बोलाले काई उरलं नोतं. पोरगी गेली आपल्या घरी. थे आपल्या कामात, मी आपल्या कामात. जेवता का, हो. झोपता का, हो. एवढ्यावर दिवस जात होते. हा आला अन् घरात भांडन आलं. मी म्हनाव हाकला, थे म्हनत राहू दे. मी म्हनाव लय खाते, थे म्हनत तूच घालते. माही साडी ओढली तरी भांडन, नाई ओढली तरी भांडन. याच्यावरून भांडलो म्हून त थे जाईपरेंत बोललो आमी.”

गल्लीतला एक माणूस खांद्यावरची फांदी खाली टेकवून उभा राहिला. मला पुढचं दिसेना, डोळे भरून आले होते.

“घरात दोघं असले का वाईट बोलाले परवडते, श्यामराव. एकट्या मानसाले नाई परवडत. मी जे बोलली ते त्याईच्यासंग बोलली. ते तुमी उचलून माह्या दारात आनू नोका.”

“अन् दादाचा सबद?”

आई उठली. उंबऱ्याला हात धरून उठली, गुडघे तिला हल्ली त्रास देतात.

“थो सबद त्याईनं मले देला होता. तुमाले नाई, गावाले नाई. मी सोडला त्याईले त्यातून.”

काका भावाच्या दाराकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, मला वाटलं ते रडतील, पण ते रडले नाहीत. दोर खांद्यावर टाकला.

“पुढं काई झालं त आमाले हाक देऊ नोका, वैनी.”

“नाई देत.”

“जोडीची बी वाट पाऊ नोका. एक बैल उरला हाय, थो बी जायचा.”

“बरं.”

गिरजाकाकू भिंतीपासून आधीच आत गेल्या होत्या. काका निघाले, लोक त्यांच्यामागून निघाले आणि जरा पुढे गेल्यावर आरोळी पुन्हा सुरू झाली, आधी दबकत, मग मोठ्याने. भिंतीवरची भाजीची वाटी त्या दिवसापासून बंद आहे. या साली चिखलणीला आईने ट्रॅक्टर सांगितला. काकांना ती रस्त्यात भेटते, तेव्हा पदर सावरून बाजूला होते, परक्या पुरुषासाठी व्हावं तसं. ते मान खाली घालून जातात. दोघांचंही माणूस एकच गेलं होतं, आणि त्याच्याबद्दल एकमेकांशी बोलू शकतील अशी गावात ही दोनच माणसं आहेत. त्याचं मला फार वाईट वाटतं.

त्या दिवशी दुपारी मी ताटं घेतली. आई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. पाव्हणा कुठून तरी फिरून आला, चारही पाय चिखलाने भरलेले, आणि दोन उड्यांत ओसरीवर चढला. थेट तिच्या बाजूला येऊन बसला.

मी हातातला पेला खाली ठेवला आणि बघत राहिले.

“आला का?” आई त्याला म्हणाली. “कठी गेलता? आत्ताच सारवली ना ओसरी? दिसत नाई का तुले?”

माघानंतर मी हा आवाज पहिल्यांदा ऐकत होते. वरच्या पट्टीतला, कुरकुरा, भांड्यावर भांडं आपटल्यासारखा. पाव्हण्याने तिच्याकडे बघितलं आणि पंजा चाटायला घेतला.

आई थांबली. पुढचं बोलायच्या आधी ती थांबली, तोंड ओसरीच्या दुसऱ्या, बाबांच्या खांबाकडे वळवून. बाबांना उत्तर सुचायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच वेळ. अंगणात चिमण्या तांदूळ टिपत होत्या.

“असंच म्हनसान तुमी,” ती म्हणाली, आणि ताट पुढे ओढून तिने कुत्र्यासाठी घरच्या भाताचा पहिला घास कालवला.